नोंदासचं मडकं

ईस्टरचा आठवडा आला की कॉर्फू बेटावरच्या माणसाला स्वतःच्याच गावात वाट मागत चालावं लागतं. अथेन्सहून माणसं येतात, इटलीहून येतात, कुठून कुठून बोटी भरभरून येतात आणि जुन्या गावाच्या बोळांतून माना वर करून हिंडतात. पाहायचं ते सगळं वरच असतं. गॅलऱ्या, गॅलऱ्यांच्या कठड्यांवर टाकलेली लाल कापडं आणि त्यामागे मांडून ठेवलेली दोन कानांची मातीची मडकी. शनिवारी सकाळी अकराला चर्चच्या घंटा वाजल्या की पाण्याने काठोकाठ भरलेली ही मडकी वरून खाली फरशीवर आपटायची. का आपटायची, असं विचारलंत तर चार म्हातारे पाच कारणं सांगतील आणि वर आपापसात भांडतील. पण आवाज जितका मोठा तितकं घराचं वर्ष चांगलं, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

गावाला सांभाळणाऱ्या संताचा देह जिथे जपून ठेवलाय त्या चर्चमागच्या बोळात स्तामातेलाची गॅलरी होती, बोळ जिथे जरा ऐसपैस होऊन चौकासारखा होतो तिथे, पहिल्या मजल्यावर. गावातले गाइड आपापल्या माणसांना घेऊन मुद्दाम तिथे यायचे. गॅलरी बुटकी, त्यामुळे मडकं अगदी डोळ्यांसमोर फुटायचं. शिवाय स्तामातेलाचं लाल कापड सगळ्या बोळात उठून दिसायचं. गेली दोन वर्षं तर ती नवंकोरं कापड आणून, काठ मुडपून, इस्त्री करून टाकायची. शेजारणी म्हणायच्या, म्हातारीला आता कुठे हौस सुचलीय. तोंडावर मात्र कुणी म्हणायची नाही, कारण स्तामातेलाची जीभ सगळ्यांच्या ओळखीची होती.

ही हौस नव्हती, हे शेजारणींनाही कळत होतं. स्तामातेलाचा नवरा आंजोलो वारला तेव्हापासून ती काळे कपडे घालत होती, तिच्या वयाच्या सगळ्या विधवा घालतात तसे, कायमचे. मग दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या तोंडाशी, तिचा एकुलता एक मुलगा नोंदास मालवाहू बोटीवरून नाहीसा झाला. बोटीवर तो इंजिनाचं काम बघायचा. एका सकाळी तो नाश्त्याला आला नाही. बोट उलटी फिरवून शोधलं, हेलिकॉप्टर आलं, काही सापडलं नाही. कप्तानाचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी स्तामातेलाने काळे कपडे उतरवून निळ्या फुलांचा झगा घातला आणि ती बाजारात गेली. लोक बघत राहिले. काळ्या कपड्यांतली बाई दिसली की कुणीतरी विचारणार, नाही विचारलं तरी मनात म्हणणार, की पोरासाठी घातलंय. ते तिला नको होतं. नवऱ्याच्या दुःखाला तिने मुलासाठी सुट्टी दिली.

आणि सून आन्थी? तिला तर काळं घालूच दिलं नाही. आन्थी गाइडचं काम करायची. सकाळी बोटीवरून उतरलेली माणसं गोळा करायची आणि छत्री उंच धरून त्यांना गावभर हिंडवायची. जुना किल्ला, कमानींचा रस्ता, तिथल्या कॅफेतलं आल्याचं सरबत, संत्र्याच्या पोटच्या पोराएवढ्या इवल्या कुमक्वाटची दारू, दुपारी टेकडीवरून दिसणारं छोटं बेट आणि त्याच्या डोक्यावरून घरंगळत उतरणारी विमानं. इंग्रजीत, इटालियनमध्ये, हसतहसत. पस्तिशी उलटली होती तिची. संध्याकाळी घरी आली की सासूबरोबर जेवायची, आणि टेबलावर तिसरं ताट मांडलेलं असायचं.

गुरुवारी गावभर अंडी लाल रंगवतात. स्तामातेलाने सकाळीच रंगवली होती. भांड्यातून काढून, तेलाचं बोट फिरवून ती टोपलीत रचत होती. आन्थी ओट्याशी उभी राहून कॉफी पीत होती. तेवढ्यात दारावर कुणीतरी पायाने ठोकलं.

"स्तामातेला, आहेस का गं? उघड लवकर, दोन्ही हात अडकलेत माझे."

समोरच्या गॅलरीवाली पेलागिया. तिच्या हातात मोठी थाळी, थाळीत लाल अंडी, मध्ये वेणीसारखा वळलेला गोड पाव आणि वर पांढरा रुमाल झाकलेला. स्तामातेलाने रुमालाकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"हे काय?"

"काय म्हणजे? ईस्टर आहे."

"ते मलाही कळतं. ही बघ माझी अंडी, अजून ओली आहेत. मला हात आहेत, पेलागिया. चूल आहे. रंगवता येतात मला."

पेलागियाने थाळी टेबलावर ठेवली नाही, परतही घेतली नाही. ज्या घरात मयत झालंय त्या घरात त्या वर्षी अंडी लाल करत नाहीत, गोड पाव भाजत नाहीत, गॅलरीवर लाल कापड टाकत नाहीत आणि मडकंही आपटत नाहीत. शेजारी अशी रुमालाखाली झाकून थाळी आणतात. कॉर्फूत कुणालाही विचारा, अशा थाळीचा दुसरा अर्थ नाही.

"हा तिसरा ईस्टर आहे, स्तामातेला," पेलागिया हळूच म्हणाली.

"असेना. माझ्या घरात कुणाचं मयत झालंय? नाव घे."

"अगं..."

"नाव घे म्हणते ना! आलीस ना एवढी थाळी मिरवत? घे नाव."

"तूच घेऊ देत नाहीस ना बाई नाव!" पेलागियाचाही आवाज चढला. "आंजोलो गेला तेव्हा हीच थाळी आणली होती मी. तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडलीस. आता मी काय विष घेऊन आलेय?"

"आंजोलो या पलंगावर गेला. त्याचे डोळे मी मिटले, या हातांनी. त्याच्या हनुवटीला रुमाल मी बांधला. नोंदासचे डोळे कुणी मिटले? तू मिटलेस? तू बघितलंस त्याला? मग कुठल्या तोंडाने माझ्या दारात दुखवट्याचा पाव आणतेस?"

"त्यांना बोलू नका, आई," आन्थी म्हणाली. कॉफीचा कप तिने खाली ठेवला होता. "पेलागियाकाकूंना मीच सांगितलं होतं आणायला."

पेलागियाने थाळी उंबऱ्यावर ठेवली, छातीवर क्रूस काढला आणि निघून गेली. अशा वेळी शहाणं माणूस थांबत नाही.

स्तामातेला खुर्चीत बसली. बराच वेळ ती बोटांना लागलेला लाल रंग पुसत होती. तो काही निघत नव्हता.

"तू सांगितलंस," ती म्हणाली. "मला तोंडावर सांगायची छाती नाही म्हणून शेजारणीच्या हातून सांगितलंस."

"तुम्हाला सांगितलं होतं. नाताळात सांगितलं. त्याच्या आधी उन्हाळ्यात सांगितलं. तुम्ही उठून आत जाता."

"मग आता ऐकते. बोल."

"मला काळं घालायचंय, आई." आन्थीने एका दमात सांगून टाकलं. "चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना करू. पाद्रीबाबा नाव वाचतील. गहू शिजवू, साखर घालून लोकांना वाटू, सगळे करतात तसं. मी वर्षभर काळं घालीन आणि मग उतरवीन. आता काय आहे माझ्याकडे उतरवायला? घातल्याशिवाय उतरवू काय?"

"म्हणजे दुसरं लग्न करायचंय."

"मला नाही माहीत. असेलही. पण आधी मला रडायचंय." तिचा आवाज फाटला. "दिवसभर मी लोकांना हसून किल्ला दाखवते. घरी येते तर इथेही हसायचं. ताट वाढायचं, उचलायचं. त्याचे शर्ट उन्हात घालायचे, पुन्हा घड्या करायच्या. मी कुठे जाऊन रडू, सांगा ना मला?"

स्तामातेलाला तिची दया आली. पण दयेपेक्षा भीती मोठी होती.

"संताच्या पायातला जोडा यंदाही झिजला," ती म्हणाली. "पाद्रीबाबांनी बदलला, मी स्वतः बघितला जुना. टाचा गेल्या होत्या. रात्रीचा संत समुद्रावर फिरतो, सगळ्या गावाला ठाऊक आहे. कुणाला शोधतोय तो?"

"या बेटावरून एकटा आपलाच माणूस हरवलाय का, आई?"

त्यावर स्तामातेलाने जे उत्तर दिलं ते फार वाईट होतं.

"तू ज्या दिवशी काळं घालशील ना, त्या दिवशी तो मरेल. तोवर नाही. तोवर तो हरवलाय नुसता. तुला मारायचाच असेल तर खुशाल मार, पण माझ्या घरात राहून नाही. शनिवारी माझ्या गॅलरीवर लाल कापड पडणार, माझं मडकं पडणार आणि त्याचंही पडणार."

आन्थी उठली, छत्री घेतली आणि कामावर गेली. दारातली थाळी ओलांडताना तिने झगा नीट आवरून घेतला, अंड्यांना धक्का लागू नये म्हणून.

शुक्रवारी दोघी बोलल्या नाहीत. त्या दिवशी गावात बोलायची तशी गरजही पडत नाही. दुपारपासून एकेका चर्चची मिरवणूक निघते, फुलांनी मढवलेला ख्रिस्ताचा तिरडीसारखा चौरंग खांद्यावर घेऊन, पुढे बँड. नोंदास ज्या बँडमध्ये ट्राँबोन वाजवायचा तो बँड संध्याकाळी त्यांच्या बोळातून गेला. शोकाचं वाजवत, पाय ओढत. ट्राँबोनवाल्यांच्या रांगेत गेली दोन वर्षं त्याची जागा मोकळी सोडत. यंदा एक नवा, दाढी राखलेला तरुण तिथे होता आणि चांगला वाजवत होता. स्तामातेला पडद्याआडून बघत होती. आन्थी मागे उभी आहे हे तिला कळलं, पण तिने वळून पाहिलं नाही.

शनिवारी उजाडताच स्तामातेला कामाला लागली. कठड्यावर लाल कापड टाकलं, चारी कोपरे ताणून बांधले. दोन मडकी नळाखाली धरून भरली, गळ्याला लाल फिती बांधल्या. आपलं मडकं छोटं, सत्तरी गाठलेल्या बाईला उचलेल एवढं. नोंदासचं मोठं. तो असताना त्याला बोळातलं सगळ्यात मोठं मडकं लागायचं. अर्धा बोळ भिजवायचा, खालच्या पोरी किंचाळायच्या आणि हा वरून त्यांनाच वाकून नमस्कार करायचा. गेली दोन वर्षं ते मडकं ती कठड्यावर कशीबशी चढवायची आणि खांद्याने ढकलून द्यायची. खाली लोक टाळ्या वाजवायचे. म्हातारीचा दम बघा, म्हणायचे.

दहा वाजल्यानंतर बोळ माणसांनी फुलून गेला. पोलिसांनी अजून दोरी ओढली नव्हती, त्यामुळे लोक थेट गॅलरीखाली उभे होते. त्या गर्दीत आन्थीची छत्री आली. आज तिच्याबरोबर अथेन्सची मंडळी होती, दहाबारा जण, बहुतेक बायका. सगळ्यांच्या गळ्यात चष्मे लटकलेले. वर गॅलरीत, कापडाआड, स्तामातेला स्टुलावर बसली होती. तिला खालचं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"दोरी ओढली की आपण समोरच्या कमानीत जायचं," आन्थी सांगत होती. तिचा कामावरचा आवाज, मध घातल्यासारखा. "फुटलेल्या मडक्याचा एखादा तुकडा घरी न्या, शुभ असतो. मग बँड येईल, आता शोकाचं नाही, मस्त वाजवत येईल. त्याच्या मागोमाग कमानींच्या रस्त्याला जाऊ. दुपारी किल्ला. संध्याकाळी ज्यांना पोहायचं असेल..."

"एप्रिलमध्ये पोहायचं? आम्ही काय सील आहोत?" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आन्थीही हसली.

"आणि ही गॅलरी कुणाची हो? काय लालभडक कापड आहे! फोटोत मस्त येईल."

"आमची," आन्थी म्हणाली.

"काय सांगता! तुम्ही इथे राहता?"

"सासूबाईंचं घर. वरून त्याच टाकतील. दोन मडकी टाकतील बघा, एक त्यांचं, एक माझ्या नवऱ्याचं."

"नवरोबा स्वतः नाही टाकत? आळशी दिसतात."

"तो बोटीवर आहे," आन्थी म्हणाली. आवाजातला मध तसूभरही कमी झाला नाही. "इंजिनिअर आहे. यंदा सुट्टी नाही मिळाली. पुढच्या ईस्टरला येईल."

"बाई गं, खलाशाची बायको! माझी बहीण तशीच. मुलंबाळं किती?"

"नाहीत अजून. तो आला की बघू."

"वाट बघत बसू नका हं फार. वय कुणासाठी थांबत नाही."

"हो ना," आन्थी म्हणाली. "खरंय तुमचं."

वर स्टुलावर स्तामातेलाचा हात मडक्याच्या कानावर होता तो तिथेच राहिला. किती सफाईने खोटं बोलली पोर. अडखळली नाही, थांबली नाही. किल्ला, बेट, बँड, नवरा, सगळं एका सुरात. रोज येणाऱ्या प्रत्येक बोटीला ती हेच सांगत असणार, कुणी विचारलं की. पुढच्या ईस्टरला येईल. आणि पुढच्या ईस्टरला त्याच्या पुढच्या. केस पिकतील, पाय दुखायला लागतील, छत्री धरून ती याच गॅलरीखाली उभी राहून अनोळखी बायकांना सांगत राहील की तो आला की बघू. हे तिला कुणी शिकवलं? समुद्राने नाही शिकवलं. समुद्राने एकच माणूस नेला होता.

स्तामातेलाला एकाएकी नोंदास आठवला, पण नेहमीसारखा नाही. नेहमी तो तिला दारातून येताना आठवायचा, खांद्यावर पिशवी घेऊन. आत्ता तिला काळं पाणी दिसलं आणि त्यात तो. थंडी वाजत असेल, तिच्या मनात आलं. आणि मग आलं, की नाही, आता थंडी वाजत नसेल. कधीचीच नाही. इतकं साधं वाक्य तिने दोन वर्षं मनात येऊ दिलं नव्हतं.

ती उठली. गुडघ्यातून कळ आली, तरी कठड्याला धरून उभी राहिली. खाली लोकांनी तिला पाहिलं आणि मोबाइल वर झाले. कुणीतरी ओरडलं, "आजीबाई, अजून वेळ आहे, अकरा वाजू द्या!" तिने कापडाच्या एका कोपऱ्याची गाठ सोडली. मग दुसऱ्या. गाठी तिनेच घट्ट मारल्या होत्या, नखं दुखली. कापड तिने ओढून आत घेतलं, घडी न घालता, नुसतं बोचकं करून छातीशी धरलं. समोरच्या गॅलरीत पेलागिया नातवंडांच्या गराड्यात उभी होती. तिने हे पाहिलं आणि नातवंडांना गप्प केलं. मग बोळातली जी गावची माणसं होती तीही एकेक करून गप्प झाली. टोप्या काढल्या दोघातिघांनी. पाहुण्यांना काही कळेना, ते मोबाइल धरून तसेच उभे राहिले.

स्तामातेलाने खाली आन्थीकडे पाहिलं. छत्री अजून वरच होती, पण तिचा चेहरा आता कामावरचा नव्हता. पाणी भरलेली दोन्ही मडकी स्तामातेलाने पायाने भिंतीकडे सरकवली, आत गेली आणि गॅलरीची हिरवी दारं ओढून घेतली. कडी लावली. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या, त्यांच्यावर ती उभी राहिली.

"हे काय?" पोलिसांनी दोरी ओढली तशी कमानीकडे सरकताना मघाचीच बाई म्हणाली. "बंद का केलं? आपण तर यासाठी इथे उभे राहिलो ना!"

आन्थीने छत्री खाली घेतली आणि मिटली.

"अहो, काय झालं? भांडण-बिंडण झालं का वर?"

"ज्या घरात दुखवटा असतो," आन्थी म्हणाली, आणि तिचा आवाज आता तिचाच होता, खरखरीत, थकलेला, "त्या घरातून मडकं टाकत नाहीत."

"अरे देवा. कोण गेलं?"

"माझा नवरा."

बाईला उमजेना. बोटीवर आहे म्हणाली होती ना ही, आत्ताच तर. "कधी?" तिने चाचरत विचारलं.

"आत्ता," आन्थी म्हणाली.

तेवढ्यात घंटा सुरू झाल्या. आधी संताच्या चर्चची, मग गावातल्या सगळ्याच. आणि बोळाच्या दोन्ही बाजूंनी मडकी कोसळायला लागली, फरशी हादरायला लागली, लोक ओरडायला लागले, आणि त्या सगळ्या गदारोळात बंद दारांमागे स्तामातेलाला पहिल्यांदाच हवं तेवढ्या मोठ्याने रडता आलं.